तांदळाच्या वर तीन होड्या

खोली अकरा फूट बाय नऊ.
टेपनं तीनदा मोजली, दर वेळी तेवढीच निघाली.
होडी साडेसात फूट लांब, पावणेचार रुंद,
आणि होड्या तीन.
शिवाय डोलकाठ्या, सुकाणू, शिडं, दोर,
सतरा लाइफ जॅकेटं,
आणि कोपऱ्यात आधीपासून बसलेलं
निवडणुकीचं एक टेबल, जे कुणाचंच नाही
म्हणून कुणी हलवत नाही.

होड्या शिबिरवाले सोडून गेले.
पुढच्या वर्षी येतो म्हणाले.
मी खेळाचा मास्तर, म्हणून माझ्या गळ्यात.
पोहायला मी बत्तिसाव्या वर्षी शिकलो,
हे पोरांना अजून सांगितलेलं नाही.

गणिताच्या सरांनी फळ्यावर आकृती काढली:
दोन मावतात, तिसरीचं नाक दाराबाहेर.
तसाच महिना काढला.
नाकावर शेळ्या चढल्या,
सहावीच्या पोरांनी करकटकानं नावं कोरली,
वैशाखानं रंगाचे पापुद्रे सोडवले
भाजलेल्या पापडासारखे.

मग पोषण आहाराचा तांदूळ आला.
बावीस गोणी.
हेडबाई म्हणाल्या, लिंबोरे सर,
पाणी तीन किलोमीटर मागं गेलंय,
होड्यांना घाई नाही.
भूक रोज साडेबाराला येते.

यावर काय बोलणार.

रोडवरचा मुनीर, ट्रॉल्यांचे हूक जोडतो,
दारात उभा राहून पान चघळत बघत होता.
'सरजी, जमीन भर गयी तो उप्पर देखो ना.
उप्पर तो पूरा खाली है.'
खरंच की. पत्र्याखाली लोखंडी कैच्या,
आणि कैच्यांखाली नुसती हवा,
तिच्यावर कुणाचीच सही नव्हती.

गावात बोअर झाल्यापासून
विहिरींच्या कप्प्या रिकाम्या लोंबत होत्या.
सहा मागून आणल्या. पैठणहून नायलॉनचा दोर.
पहिली होडी वर गेली तेव्हा
अख्खी सातवी खाली टाचा उंचावून उभी.

'एका दोरावर नको,' मागून कडूबाई.
खिचडी तिच्या चुलीवर, पण तोंड भोयांचं.
'मधी कणा वाकंल तिचा.
दोन जागी झोळी घाल, पाळण्यावानी.
अन् उपडी टांग. उताणी ठिवली
की घर होतं बग, आधी उंदराचं, मग सापाचं.'
शिडाची घडी घालायला लागलो तर हातावर मारलं:
'गुंडाळ. घडीवर फाटतं समदं.'

तुला कुणी शिकवलं?
'धरणात गाव गेलं तवा
बापानं घर एका गाडीत बशिवलं.
खाली जातं, त्यावर कणगी,
कणगीत हंडे, हंड्यात डाळ,
अन् समद्यात वर मी.'
काय राहिलं?
'उंबरा. लई हलवला, सुटला न्हाई.'
आणि ती फोडणीकडे गेली, मोहरी जळत होती.

आता खोलीत शिरताना वाकावं लागतं.
तांदूळ काढायला येणारी पोरं
गोण्यांमधून वाट काढत वर बघतात:
तीन पांढरी पोटं,
झाडाला उलट्या लागलेल्या भोपळ्यांसारखी.
शिरीन विचारते, सर, ह्या झोपल्यात का रुसल्यात?
बूच काढलेल्या भोकातून
दुपारी उन्हाचा एक रुपया खाली पडतो,
गोणीवरून गोणीवर सरकतो,
चारपर्यंत टेबलावर येतो.

भाद्रपदात पाणी परत आलं, वरच्या नाशिकच्या पावसाचं.
ट्रॉलीत होड्या, होड्यांत पोरं,
काठावर पोचल्यावर आठवलं: बुचं!
खिसे पाहिले. मोटारसायकलवर उलटा गेलो.
कडूबाईनं मान न वळवता मोहरीचा डबा सरकवला.

त्या दिवशी आम्ही जुन्या गावावरून गेलो.
कुठं होतं, कुणाला नक्की सांगता येईना.
होड्यांना फोडणीचा वास येत होता.
शिरीननं वाऱ्यात शीड सोडलं
आणि मी, वर पत्रा नसताना,
सवयीनं वाकलो.